काळ्या दारूचे खिशातील रिव्हॉल्व्हर : रचना, भरणी आणि मराठवाड्याच्या संदर्भात त्याचा ऐतिहासिक अर्थ

प्रस्तावना :

मराठीतील इतिहासलेखनात लढाया, तह आणि राजवटी यांचा विचार विपुल झाला आहे. त्या मानाने ज्या साधनांनी या लढाया लढल्या गेल्या त्यांच्या रचनेचा विचार कमी झाला आहे. अमुक एका पथकाजवळ बंदुका होत्या, एवढी नोंद आपण करतो. ती बंदूक कशी भरली जाई, तिला काय काय लागे आणि ते कोठून येई, हे प्रश्न मात्र कारागिराच्या किंवा शिकाऱ्याच्या कक्षेतील समजून बाजूला ठेवले जातात. वस्तुतः 'कोठून येई' या एका प्रश्नात राज्यसंस्था आणि समाज यांच्या संबंधाचा मोठा भाग सामावलेला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आलेले, कोटाच्या खिशात मावणारे काळ्या दारूचे रिव्हॉल्व्हर हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे साधन होय. त्यात दारू आणि शिशाची गोळी जुन्याच पद्धतीने ठासावी लागत असे. परंतु बार पेटविण्यासाठी लागणारी तांब्याची टोपी कारखान्यातूनच आणावी लागे. प्रस्तुत लेखात या शस्त्राची रचना व भरणी समजावून सांगून, या छोट्या टोपीमुळे शस्त्रधारी माणूस कारखान्यावर आणि पर्यायाने सरकारवर कसा अवलंबून झाला, हे मराठवाड्याच्या, विशेषतः नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) बार पेटविण्याच्या पद्धतींचा क्रम थोडक्यात स्पष्ट करणे.
२) खिशातील रिव्हॉल्व्हरची रचना, भरणी व मर्यादा सांगणे.
३) टोपीमुळे निर्माण झालेल्या परावलंबनाचा ऐतिहासिक अर्थ तपासणे.
४) अशा वस्तूंची ओळख व जतन यांविषयी अभ्यासकांस उपयुक्त माहिती देणे.

काळी दारू आणि तोड्याची बंदूक :

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. युरोपात रूढ झालेले त्याचे प्रमाण साधारणतः ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असे होते. सोरा ज्वलनास प्राणवायू पुरवितो, कोळसा इंधनाचे काम करतो आणि गंधकामुळे मिश्रण कमी तापमानास पेट घेते. या दारूचे एक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे. ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायूत रूपांतरित न होता घन अवशेषाच्या रूपाने उरतो. दाट पांढरा धूर आणि नळीत साचणारी काजळी ही त्याचीच फळे होत. हा अवशेष हवेतील ओलावा शोषून घेतो व त्यामुळे लोखंडाला लवकर गंज चढतो.

ही दारू पेटविण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे तोडा, म्हणजेच सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली, मंद जळत राहणारी दोरी. बंदुकीच्या नळीत तोंडाकडून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावयाची, नळीच्या बाजूच्या छिद्राशी, म्हणजे कानाशी, रंजकेची बारीक दारू ठेवावयाची आणि चाप ओढताच जळता तोडा त्या रंजकेवर टेकवावयाचा, अशी ही पद्धत होती. पावसात तोडा विझे आणि दारू सर्द होई. मराठीतील 'फुसका बार' हा शब्दप्रयोग अशाच अनुभवातून अर्थपूर्ण झाला आहे.

या बंदुकीचा एक नमुना नांदेडकरांना श्रद्धेच्या मार्गाने परिचित आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचे नांदेड येथे देहावसान झाले. तेथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे त्यांची म्हणून जपलेली जी शस्त्रे आहेत, त्यांत तलवारी, धनुष्य व बाण यांच्याबरोबर तोड्याच्या बंदुकीचाही समावेश होतो. दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या तख्तस्नानाच्या वेळी ही शस्त्रे स्वच्छ केली जातात. शस्त्र नियमितपणे स्वच्छ करणे हा येथे धार्मिक विधी आहे. तांत्रिकदृष्ट्या पाहिल्यास शस्त्रे टिकविण्याची ती एक शिस्तही ठरते.

तोड्याच्या बंदुकीला लागणारी प्रत्येक वस्तू स्थानिक होती किंवा देशी बाजारात मिळत होती. सोरा भारतात मुबलक होता. बिहारचा सोरा तर युरोपीय व्यापारी कंपन्या जहाजे भरून नेत असत. कोळसा गावोगावी तयार होई, शिसे व गंधक बाजारात मिळे, दोरी घरी वळता येई आणि दुरुस्ती गावचा लोहार करी. भारतात ही बंदूक एकोणिसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकून राहिली याचे कारण अनेकदा येथील तांत्रिक मागासलेपणात शोधले जाते. ते एकमेव कारण मानणे योग्य होणार नाही. जे शस्त्र चालविण्यासाठी दूरच्या कारखान्याकडे हात पसरावे लागत नाहीत, ते सहजासहजी टाकून दिले जात नाही, हेही तितकेच खरे आहे.

चकमकीपासून टोपीपर्यंत :

दुसरा टप्पा चकमकीच्या बंदुकीचा होय. हिच्यात गारेचा तुकडा पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पाडली जाई. मराठवाड्याच्या भूमीवर या टप्प्याचे स्मरण उदगीरच्या निमित्ताने होते. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूस होता. त्याच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने युरोपीय युद्धपद्धतीचे महत्त्व दाखवून दिले. तथापि चकमकीच्या बंदुकीतही रंजक उघड्यावरच असे. ठिणगी आणि बार यांच्यात क्षणाचे अंतर पडे आणि ओल्या हवेत नेम व बार दोन्ही चुकत.

ही अडचण रसायनशास्त्राने दूर केली. १८०० मध्ये एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याच्या फल्मिनेटचे वर्णन प्रसिद्ध केले. हा पदार्थ आघात होताच पेटतो. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी अशा आघातज्वलनशील पदार्थाचा बंदुकीसाठी उपयोग करून १८०७ मध्ये पेटंट घेतले. पुढे १८२० च्या दशकात तांब्याच्या लहानशा टोपीच्या तळाशी या पदार्थाचा कण बसविण्याची पद्धत प्रचारात आली. बंदुकीच्या कानाच्या जागी एक पोकळ टोक आले, त्यास निपल म्हणतात. निपलवर टोपी बसवावयाची, घोडा तिच्यावर आपटला की आतील ज्वाला थेट दारूपर्यंत पोहोचते. तोडा, गार आणि उघडी रंजक या तिन्हींची गरज संपली.

फिरत्या चक्राची कल्पना मात्र याहून जुनी आहे. चक्रात अनेक बार भरून ठेवलेल्या तोड्याच्या बंदुका भारतातही बनल्या होत्या आणि त्यांचे नमुने संग्रहालयांत आढळतात. एलिशा कोलियर यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये चकमकीच्या फिरत्या चक्राचे पेटंट घेतले. तथापि प्रत्येक खणासाठी उघडी रंजक सांभाळणे हे किचकट काम होते. प्रत्येक खणामागे स्वतंत्र बंद टोपी बसू लागली, तेव्हाच रिव्हॉल्व्हर व्यवहार्य झाले. या अर्थाने रिव्हॉल्व्हर हे चक्राइतकेच टोपीचेही अपत्य होय.

कोल्ट व त्याचे प्रतिस्पर्धी :

सॅम्युएल कोल्ट यांनी १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये व १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले. घोडा मागे ओढताच चक्र एक घर पुढे सरकते व नळीच्या रेषेत पक्के बसते, हा त्यातील गाभा होता. पॅटरसन येथील त्यांचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बंद पडला. १८४७ नंतर मात्र व्यवसायाला गती मिळाली. '१८४९ चे पॉकेट मॉडेल' या नावाने ओळखले जाणारे त्यांचे लहान रिव्हॉल्व्हर १८७३ पर्यंत तयार होत राहिले व त्याचे तीन लाखांहून अधिक नग बनले. त्याचा व्यास ०.३१ इंच, म्हणजे आठ मिलिमीटरच्या आत होता. चक्रात बहुधा पाच खण असत आणि वजन साधारण पाऊण किलो भरे. यंत्रांच्या साहाय्याने एकसारखे भाग बनविण्याच्या पद्धतीमुळे ते सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले.

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात कोल्ट यांनी आपली रिव्हॉल्व्हरे मांडली आणि त्याच ठिकाणी रॉबर्ट ॲडम्स हे इंग्रज प्रतिस्पर्धी पुढे आले. ॲडम्स यांच्या रिव्हॉल्व्हरची चौकट एकसंध होती व केवळ चाप ओढल्यानेच घोडा वर जाऊन पडत असे. लेफ्टनंट बोमाँ यांनी सुचविलेल्या सुधारणेनंतर, १८५६ पासून, घोडा अंगठ्याने ओढण्याची सोयही त्यात झाली. त्या काळी ब्रिटिश अधिकारी अशी शस्त्रे बहुधा स्वखर्चाने खरेदी करीत. त्यामुळे १८५७ च्या सुमारास भारतातील छावण्यांत कोल्ट व ॲडम्स अशी दोन्ही घराण्यांची रिव्हॉल्व्हरे आढळत होती.

भरणीची रीत :

या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस मागून घालण्याची सोय नव्हती. प्रत्येक खण समोरून भरावा लागे. प्रथम घोडा अर्ध्यावर ओढून ठेवल्यास चक्र हाताने फिरविता येते. खणात मोजून दारू ओतली जाई. पॉकेट मॉडेलच्या एका खणात सुमारे एक ग्रॅम किंवा त्याहून कमी दारू मावते. तिच्यावर शिशाची गोळी ठेवावयाची. ही गोळी खणाच्या तोंडापेक्षा किंचित मोठी असे. नळीखालील दांडी खाली ओढली की तिला जोडलेला दट्ट्या गोळी आत दाबतो आणि त्या वेळी शिशाची एक बारीक कडी तासली जाऊन बाहेर पडते. ही कडी अखंड निघणे म्हणजे गोळी खणात सर्व बाजूंनी घट्ट बसल्याची खूण होय. त्यानंतर खणाच्या तोंडाशी चरबी किंवा मेण लावीत. त्यामुळे काजळी मऊ राहते. पाचही खण असे भरून झाल्यावर सर्वांत शेवटी मागील निपलांवर टोप्या बसविल्या जात. टोपी शेवटी बसविण्याचा हेतू उघड आहे. टोपी नसेल तोवर घोडा चुकून पडला तरी बार उडत नाही.

या रीतीत धोके होतेच. गोळी सैल असेल किंवा टोपी नीट बसली नसेल, तर एका खणाची ज्वाला शेजारच्या खणात शिरून दोन-तीन बार एकदम उडत. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या फटीत अडकून चक्र जाम होई. भरलेले शस्त्र खिशात बाळगताना घोडा टोपीवर टेकलेला राहणे प्राणघातक ठरू शके. म्हणून कोल्ट यांनी दोन खणांच्या मध्ये लहान खुंट्या ठेवल्या होत्या, ज्यांवर घोडा टेकविता येई. अनेक जण एक खण रिकामा ठेवणेच पसंत करीत. पाच बार काही सेकंदांत उडत. पुन्हा भरण्यास मात्र कित्येक मिनिटे लागत. बार झाल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, वाळवून तेल न लावल्यास गंज सुरू होई.

एवढे असूनही या शस्त्राचा प्रभाव मोठा होता. एका माणसाच्या हाती एकाच भरणीत पाच बार आले. समोरच्याकडे एकच बार देणारी तोड्याची बंदूक असेल, तर ही तफावत निर्णायक ठरणारी होती.

पुढे मागून भरावयाचे धातूचे काडतूस आले. आरपार छिद्र असलेल्या चक्राचे पेटंट रोलिन व्हाइट यांनी १८५५ मध्ये घेतले होते. त्याचा हक्क मिळवून स्मिथ अँड वेसन यांनी १८५७ मध्ये आपले पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. १८६९ मध्ये या पेटंटची मुदत संपेपर्यंत अमेरिकेतील इतर कारखानदारांना ठासणीच्या चक्रावरच थांबावे लागले. काळ्या दारूच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरला मिळालेल्या दीर्घायुष्यामागे कायद्याचे हे कारण आहे.

टोपीचे परावलंबन आणि कायदा :

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. या रिव्हॉल्व्हरची सामग्री तीन वस्तूंची आहे : दारू, गोळी आणि टोपी. पहिल्या दोन वस्तू जुन्या अर्थव्यवस्थेतील आहेत. दारू देशी कारागीर बनवी आणि गोळी साच्यात घरी ओतता येई. टोपी मात्र या अर्थव्यवस्थेच्या बाहेरची आहे. तिच्यासाठी तांब्याचा पातळ पत्रा अचूक आकारात दाबणारे यंत्र हवे आणि अतिसंवेदनशील स्फोटक हाताळणारी प्रयोगशाळा हवी. टोप्या संपल्या की पाच खणांचे उत्कृष्ट रिव्हॉल्व्हर हे लोखंडाच्या तुकड्यापलीकडे काही उरत नाही. धातूच्या काडतुसाने हे परावलंबन पूर्ण केले, कारण त्यात दारू, गोळी आणि पेटविण्याचे साधन तिन्ही एकत्र बंद झाले.

ब्रिटिश सरकारने हा फरक नेमका ओळखला होता, असे १८७८ च्या भारतीय शस्त्र कायद्यावरून दिसते. त्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत गार, टोप्या, फल्मिनेटयुक्त पदार्थ आणि दारूगोळा बनविण्याची यंत्रे यांचा स्पष्ट समावेश आहे. शिसे, गंधक आणि सोरा मात्र त्यातून वगळले आहेत. आवश्यक वाटल्यास या तीन वस्तूंनाही काही तरतुदी लागू करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला होता, हे खरे. तरीही सर्वसाधारण नियंत्रणाची जागा कोणती, हे व्याख्येतूनच कळते. सोरा, गंधक आणि शिसे यांचे औषधात, रंगकामात, व्यापारात इतके उपयोग होते की त्यांच्यावर गावोगावी पहारा ठेवणे अवघड होते. टोपी मोजक्या कारखान्यांतून व बंदरांतून येत होती. तिच्यावर लक्ष ठेवणे सोपे होते. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना स्थापन झाला. म्हणजे उत्पादन सरकारच्या हाती आणि आयात परवान्याच्या अधीन, अशी रचना एका दशकात सिद्ध झाली.

मराठवाड्याचा संदर्भ :

नांदेड व लातूर परिसर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १८७८ चा कायदा ब्रिटिश भारतापुरता होता. तथापि संस्थानाला स्वतःचे बंदर नव्हते. टोप्या व काडतुसे ब्रिटिश हद्दीतूनच येणार, त्यामुळे आयातीवरील व वाहतुकीवरील ब्रिटिश नियंत्रणाचा परिणाम संस्थानी मुलुखावरही होणे स्वाभाविक होते. मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास आणि बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. तोपर्यंत ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचा काळ सरला होता. त्यामुळे अशी रिव्हॉल्व्हरे या भागात आली असतील, तर ती मुख्यतः रेल्वेपूर्व काळात, लष्करी मार्गाने आली असावीत, असे अनुमान करता येते. हिंगोली येथे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती व कंटिंजंटच्या पथकांनी १८५८ मध्ये मध्य भारतातील मोहिमेत भाग घेतला होता. अशा छावण्यांतील अधिकाऱ्यांचे खासगी शस्त्र हाच या वस्तूच्या प्रवेशाचा सर्वांत संभाव्य मार्ग होय.

परावलंबनाचा परिणाम पुढील काळातील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतो. पहिले उदाहरण २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे झालेल्या जॅक्सनवधाचे. अनंत कान्हेरे हे औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शिकणारे युवक होते. त्यांनी वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल हे विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून गुप्तपणे पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. धूरविरहित दारूच्या या युगात शस्त्र आणि काडतूस ही दोन्ही समुद्रापलीकडून आणावी लागत होती. क्रांतिकारकांची अर्धी शक्ती पुरवठ्याच्या साखळीतच खर्च होई.

दुसरे उदाहरण तेलंगणातील १९४६ ते १९५१ च्या सशस्त्र लढ्याचे आहे. नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या या प्रदेशात शेतकऱ्यांच्या हाती गोफणी, लाठ्या आणि भरमार, म्हणजे ठासणीच्या, बंदुका होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यासही जे शस्त्र गावात जुळविता आणि दुरुस्त करता येत होते, तेच सामान्य माणसाच्या हाती उरले होते. स्वातंत्र्योत्तर काळातील १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. ही बंदूक ग्रामीण जीवनात किती खोल रुजली होती, याची ती कायदेशीर साक्षच होय.

ओळख आणि जतन :

जुन्या वाड्यांची वाटणी किंवा पाडापाड होताना माळ्यावर, पेटीत किंवा दसऱ्याच्या शस्त्रपूजनातील वस्तूंत जुने रिव्हॉल्व्हर सापडू शकते. अशा वेळी पुढील गोष्टी लक्षात घेणे आवश्यक वाटते.

१) चक्राच्या मागील बाजूस प्रत्येक खणाला निपल आणि नळीखाली दाबण्याची दांडी असेल, तर ते ठासणीचे रिव्हॉल्व्हर समजावे. चक्र मागून आरपार मोकळे असेल, तर ते काडतुसाचे होय.
२) कोल्टच्या १८४९ च्या मॉडेलच्या चक्रावर घोडागाडीवरील दरोड्याचे दृश्य कोरलेले असते. निरनिराळ्या भागांवरील अनुक्रमांक जुळतात काय, हे पाहावे. इंग्लंडमध्ये बनलेल्या शस्त्रांवर लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहाचे ठसे आढळतात. कालनिश्चितीसाठी हे पुरावे मोलाचे असतात.
३) गंज काढण्यासाठी घासकागद किंवा आम्ल वापरल्यास हेच पुरावे नष्ट होतात.
४) कोरडी राहिलेली काळी दारू अनेक दशकांनंतरही पेटू शकते. त्यामुळे सापडलेले शस्त्र भरलेलेच आहे असे गृहीत धरावे, त्याचा घोडा ओढून पाहू नये, ते तापवू नये आणि पोलिसांना कळवून तज्ज्ञाकडूनच तपासून घ्यावे.
५) १९५९ च्या कायद्याच्या कलम ४५ मधील सवलत ही जुन्या धाटणीच्या, पुराणमूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला, ते दुरुस्त करूनही वापरता येण्याजोगे नसेल तरच मिळते. केवळ जुने आहे म्हणून चालू स्थितीतील शस्त्र आपोआप सवलतीस पात्र ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या परवान्यावरील बंदुकांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोन झाली असून वारशाने आलेली बंदूकही तीत मोजली जाते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या बाबतीत १९७२ चा पुरावशेष कायदाही लक्षात घ्यावा लागतो.

कायद्याच्या भीतीने अशी वस्तू रातोरात विहिरीत टाकली जाण्याचा किंवा भंगारात जाण्याचा धोका मोठा आहे. तिच्याबरोबर एका घराचा, छावणीचा आणि व्यापारमार्गाचा पुरावा नाहीसा होतो. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी प्रत्यक्ष शस्त्रे गोळा न करता, परवानाधारक किंवा संग्रहालयातील नमुन्यांची छायाचित्रे, ठसे, अनुक्रमांक आणि कौटुंबिक आठवणी यांची नोंद करणे शक्य आहे. रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र विभागांचे साहाय्य घेतल्यास हे काम खऱ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय होईल.

निष्कर्ष :

१) काळ्या दारूचे खिशातील रिव्हॉल्व्हर हे ग्रामीण कारागिरी आणि औद्योगिक उत्पादन यांच्या सीमेवरील शस्त्र होय. त्याची दारू व गोळी गावात तयार होऊ शकत होती, टोपी होऊ शकत नव्हती.
२) तोड्याची व ठासणीची बंदूक दीर्घकाळ टिकण्यामागे तिची स्वयंपूर्णता हे एक महत्त्वाचे कारण होते.
३) १८७८ च्या कायद्यातील दारूगोळ्याची व्याख्या शस्त्रनियंत्रण कच्च्या मालाकडून कारखानदारी घटकाकडे सरकल्याचे दर्शविते.
४) मराठवाड्यातील शस्त्रांचा अभ्यास किल्ले आणि तोफा यांच्यापुरता मर्यादित न ठेवता घरगुती शस्त्रांपर्यंत नेण्याची आवश्यकता आहे.

शस्त्र कोणाच्या हाती आहे, हे इतिहासकार पूर्वापार विचारीत आले आहेत. त्या शस्त्राची टोपी कोणाच्या हाती आहे, हाही प्रश्न त्यांनी तितक्याच आग्रहाने विचारला पाहिजे.